सतरा मिलिमीटर पावसाचं बंदर

नामिबिया म्हटलं की आपल्याकडे हल्ली चित्ते आठवतात. २०२२ साली कुनोत आलेले पहिले आठ चित्ते तिथलेच. पण ते आले देशाच्या उत्तरेकडच्या गवताळ भागातून. त्याच देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, नामिब वाळवंट जिथे थेट अटलांटिक महासागरात उतरतं तिथे, ल्युडरिट्झ नावाचं एक बंदर आहे. वस्ती जेमतेम पंधरा-सोळा हजार. मागे उघडे खडक आणि वाळू, पुढे हाडं गोठवणारं पाणी. वर्षभराचा सरासरी पाऊस १७ मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैतली एखादी बरी सर तेवढी पडून जाते.

बाहेरून गावात येणारा डांबरी रस्ता एकच, औस या गावाहून येणारा. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आणि मध्ये गाव नाही. शेवटच्या टप्प्यात वारा रस्त्यावर वाळू आणून टाकतो आणि ती यंत्रांनी सतत बाजूला करत राहावी लागते. गोडं पाणी गावात नव्हतंच. सुरुवातीला ते केपटाऊनहून जहाजाने यायचं, मग समुद्राचं पाणी उकळून वाफेतून मिळवायचे, आणि आता वाळवंटात आत, शंभरेक किलोमीटरवर असलेल्या कोइखाबच्या भूजलातून नळाने येतं. ते पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं आहे.

अशा ठिकाणी माणसं का येतात, हा साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर वाऱ्यापासून सुरू होतं. इथला पाऊस वाऱ्याने हिरावला, मासे आणि पक्षी वाऱ्याने दिले, हिरे वाऱ्याने उघडे केले, आणि आता जे काही उभं राहू पाहतंय तेही वाऱ्यावरच. घेऊन जाणारे मात्र दर वेळी बाहेरून आले.

समुद्र आहे, मग पाऊस का नाही?

आपल्याला समुद्र म्हणजे पाऊस असं वाटतं, कारण आपला समुद्र उबदार आहे. अरबी समुद्राची वाफ होते, ती कोकणावर येते, सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि कोसळते. ल्युडरिट्झच्या समोरचा समुद्र याच्या नेमका उलट वागतो.

तिथे जवळजवळ वर्षभर दक्षिणेकडून वारा वाहतो, किनाऱ्याला समांतर. वारा पाण्याचा वरचा थर ढकलतो. पण पृथ्वी फिरत असल्यामुळे दक्षिण गोलार्धात हे ढकललेलं पाणी सरळ न जाता डावीकडे वळतं. दक्षिणेकडून उत्तरेकडे तोंड केलं तर डावीकडे पश्चिम, म्हणजे खुला समुद्र. थोडक्यात, वारा किनाऱ्यालगतचं पाणी सतत बाहेर ढकलत राहतो आणि रिकाम्या झालेल्या जागी खालून, दोन-तीनशे मीटर खोलीवरून, थंड पाणी वर येतं. या सगळ्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणाऱ्या थंड प्रवाहाला बेंग्वेला म्हणतात, आणि पाण्याचा असा उपसा जगात जिथे सर्वांत जोरात होतो त्या मोजक्या जागांपैकी एक ल्युडरिट्झच्या समोर आहे.

थंड पाण्यावरची हवाही थंड होते. थंड हवा जड, ती वर चढतच नाही, खालीच पसरून राहते. तिच्या वर उबदार, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. हवा चढली नाही की ढग वाढत नाहीत आणि पाऊस होत नाही. ओलावा असतो, पण तो धुक्याच्या रूपात. हे धुकं किनाऱ्यावर लोळतं आणि उन्हं वर आली की विरतं. त्यामुळे इथल्या वाळवंटात उन्हाळ्याची दुपारही विशीच्या घरात असते. वाळवंट म्हणजे रखरख, हे समीकरण इथे अंगात स्वेटर घालून विसरावं लागतं.

वारा किती? गावाजवळ वेगाच्या शर्यतींसाठी पाण्याचा एक लांब, उथळ चर खणलेला आहे. २०१० मध्ये तिथे पतंगाला बांधलेल्या फळीवरून एका अमेरिकन खेळाडूने ५५.६५ नॉट्सचा, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वेग गाठला, फक्त वाऱ्याच्या जोरावर.

विष्ठेची बाजारपेठ

खालून वर येणारं पाणी नुसतं थंड नसतं. समुद्रात वर मेलेलं सगळं तळाशी जाऊन कुजतं, त्यामुळे खोल पाण्यात नत्र आणि फॉस्फरस साठलेले असतात. ते वर आले, त्यांना ऊन मिळालं की सूक्ष्म वनस्पती फोफावतात. त्यांच्यावर तारलीच्या जातीचे मासे पोसतात, आणि माशांवर गॅनेट, पाणकावळे, पेंग्विन, सील. जमिनीवर काही उगवत नाही आणि पाण्यात मात्र रेलचेल, असं हे ठिकाण.

पक्षी मासे खातात समुद्रात आणि बसतात बेटांवर. विष्ठा तिथेच पडते. दुसरीकडे कुठे पाऊस ती धुऊन नेतो. इथे पाऊस नाही, म्हणून शेकडो-हजारो वर्षांचे थर साचत गेले. त्यातला नत्र जागच्या जागी राहिला. या वाळलेल्या विष्ठेला ग्वानो म्हणतात. रासायनिक खत निघण्यापूर्वी युरोपातल्या दमलेल्या जमिनींसाठी ग्वानो हे सर्वांत ताकदीचं खत होतं.

ल्युडरिट्झच्या उत्तरेला इचाबो नावाचं एक बेट आहे, जेमतेम सोळा एकरांचं. त्यावर सात मीटरच्या वर जाडीचा थर होता. १८४३ साली पहिलं जहाज आलं, बातमी फुटली, आणि १८४५ च्या सुरुवातीला त्या सोळा एकरांभोवती साडेचारशेच्या आसपास जहाजं नांगर टाकून उभी होती. हजारो माणसं कुदळ-फावडी घेऊन बेटावर. मारामाऱ्या झाल्या, शेवटी नौदलाची जहाजं येऊन जागा वाटून द्यावी लागली. अंदाजे तीन लाख टन खणून नेलं आणि दोन वर्षांत बेट खडकापर्यंत खरवडून मोकळं झालं.

याची किंमत पेंग्विन आजही मोजतात. आफ्रिकी पेंग्विन ग्वानोच्या थरात बिळं करून अंडी घालायचे. थर गेला, मग अंडी उघड्यावर, उन्हात आणि इतर पक्ष्यांच्या चोचीसमोर. पुढे १९६० च्या दशकात कारखानदारी मासेमारी आली, वर्षाला दहा लाख टनांहून जास्त मासळी उपसली गेली, आणि पुढच्या दशकात तारलीसारख्या मासळीचा साठा कोसळला तो पुन्हा उभा राहिला नाही. २०२४ मध्ये या पेंग्विनला अतिसंकटग्रस्त जाहीर करण्यात आलं. ल्युडरिट्झजवळच्या हॅलिफॅक्स बेटावर ते अजून दिसतात. पर्यटक बोटीतून फोटो काढतात.

ग्वानोने राजकारणातही एक गाठ मारून ठेवली. ही बेटं ब्रिटिशांनी ताब्यात घेऊन केप वसाहतीला जोडली होती. म्हणून १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला तरी किनाऱ्याला अगदी लागून असलेली बेटं दक्षिण आफ्रिकेकडेच राहिली. ती परत मिळायला १ मार्च १९९४ उजाडावं लागलं.

एका मैलाची फसवणूक

या उपसागरात पहिले युरोपीय आले ते पोर्तुगीज. भारताची वाट शोधणारा बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून परतताना १४८८ मध्ये इथे दगडी क्रूस उभारून गेला. पण चारशे वर्षं कुणी इथे वस्तीला थांबलं नाही. आतल्या भागात नामा लोक गुरं घेऊन फिरत. बेथनी हे त्यांच्यातल्या एका समाजाचं ठाणं होतं आणि १८८३ साली योझेफ फ्रेडरिक्स तिथला प्रमुख होता.

त्या वर्षी १ मे रोजी आडोल्फ ल्युडरिट्झ या जर्मनीतल्या ब्रेमेनच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या एजंटाने, हाइनरिश फोगेलझांगने, फ्रेडरिक्सकडून उपसागर आणि भोवतालची पाच मैलांची जमीन विकत घेतली. किंमत १०० पौंड आणि २०० बंदुका. ऑगस्टमध्ये दुसरं खरेदीखत झालं: दक्षिणेला ऑरेंज नदीपासून उत्तरेला २६ अक्षांशापर्यंतचा किनारा, आणि किनाऱ्यापासून आत वीस मैल. त्याची किंमत ५०० पौंड आणि ६० बंदुका.

खोच त्या ‘वीस मैलां’त होती. या भागात मैल म्हणजे इंग्रजी मैल, दीड किलोमीटरहून थोडा जास्त, असंच सगळे धरून चालत. खरेदीखतात मात्र ‘भौगोलिक मैल’ लिहिलं होतं आणि जर्मन भौगोलिक मैल सुमारे साडेसात किलोमीटरचा. फ्रेडरिक्सला वाटलं आपण बत्तीस किलोमीटरचा ओसाड वाळूपट्टा विकला. कागदावर गेले जवळपास दीडशे किलोमीटर, म्हणजे त्याच्या लोकांची कुरणं आणि पाणवठ्यांसकट जवळजवळ सगळी जमीन. ही चूक नव्हती. फ्रेडरिक्सला तूर्त इंग्रजी मैलच वाटू दे, अशी सूचना ल्युडरिट्झने आपल्या एजंटाला पत्रातून दिली होती आणि ते पत्र उपलब्ध आहे. फ्रेडरिक्सने तक्रार केली. तोवर, ऑगस्ट १८८४ मध्ये, किनाऱ्यावर जर्मन झेंडा चढला होता. ल्युडरिट्झ स्वतः १८८६ मध्ये ऑरेंज नदीच्या मोहिमेवरून होडीने परतताना समुद्रात बेपत्ता झाला. गावाला त्याचं नाव राहिलं. २०१३ मध्ये मतदारसंघाचं नाव बदलून नामा भाषेतलं ठेवण्यात आलं, गावाचं तेच आहे.

शार्क बेट

ल्युडरिट्झच्या पर्यटन पत्रकांवर काय असतं? उतरत्या छपरांची रंगीत जर्मन घरं, डोंगरमाथ्यावरचं १९१२ चं दगडी चर्च आणि त्यातली कैसर विल्हेल्मने दिलेली रंगीत काच. सुंदर आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण गावाच्या टोकाला, आता जमिनीला जोडून घेतलेलं शार्क बेट आहे, तिथे १९०५ ते १९०७ या काळात छळछावणी होती. गावाचा वारसा सांगायचा तर ही गोष्ट त्या काचेच्या आधी यायला हवी.

१९०४ मध्ये हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला, पुढे नामाही उतरले. जर्मन फौजेचा प्रमुख जनरल लोथार फॉन ट्रोथाने हेरेरोंना दिसताक्षणी गोळ्या घालायचा जाहीर हुकूम काढला, हजारोंना पाणी नसलेल्या वाळवंटात हाकललं. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. शार्क बेटाची निवड का झाली ते भूगोल सांगतो: तीन बाजूंनी गोठवणारं पाणी, सतत वारा, झाड नाही, आडोसा नाही. उष्ण पठारावरून आलेली माणसं फाटक्या कपड्यांत तिथे ठेवली गेली, आणि धक्क्याच्या बांधकामासाठी थंड पाण्यात उतरून दगड वाहायला लावली. १९०७ च्या एप्रिलमध्ये जर्मन सेनाधिकारी एस्टोर्फने छावणी बंद करवली, तेव्हा त्याने स्वतःच कळवलेला हिशेब असा: सप्टेंबरपासून आणलेल्या १,७९५ नामांपैकी १,०३२ मेले. हेरेरो कैदी यात धरलेले नाहीत. मेलेल्यांत कॉर्नेलियस फ्रेडरिक्स होता, त्याच बेथनीच्या समाजाचा पुढारी, ज्यांच्याकडून मैलाच्या खेळीत जमीन गेली होती. काही मृतांच्या कवट्या ‘वंशशास्त्रा’च्या अभ्यासाला जर्मनीत पाठवल्या. त्यांतल्या काही २०११ नंतर टप्प्याटप्प्याने परत आल्या.

ल्युडरिट्झहून आत जाणारा लोहमार्गही कैद्यांनीच घातला. जानेवारी १९०६ ते जून १९०७ या काळात कामावर असलेल्या २,०१४ कैद्यांपैकी १,३५९ मेल्याची नोंद आहे.

मे २०२१ मध्ये जर्मनीने आजच्या दृष्टिकोनातून हा वंशसंहार होता असं मान्य केलं आणि तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले. हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटनांनी ते नाकारलं, कारण वाटाघाटी सरकारांमध्ये झाल्या, वंशजांशी नाही, आणि त्या पैशाला भरपाई म्हणायलाही जर्मनी तयार नव्हता. शार्क बेटावर आज तंबू ठोकून मुक्काम करायची जागा आहे. मला हे वाचून बराच वेळ पुढे काही वाचवलं नाही.

हिरे किनाऱ्यावर कसे आले

त्याच लोहमार्गावर १९०८ च्या एप्रिलमध्ये पुढची गोष्ट घडली. रुळांवर वाळू चढायची, ती झाडून काढायला मजूर ठेवलेले असत. झकारियास लेवाला नावाच्या मजुराला वाळूत एक चमकता खडा मिळाला आणि त्याने तो मुकादम आउगुस्ट श्टाउखला दिला. श्टाउखने गाजावाजा न करता आधी खाणीचे हक्क नावावर करून घेतले, मग बातमी सांगितली. तो करोडपती झाला (पुढे १९२९ नंतरच्या मंदीत सगळं घालवूनही बसला). लेवालाला काही मिळालं नाही.

हिरे तर पृथ्वीच्या पोटात, ज्वालामुखीच्या नळ्यांतून वर येतात. इथे ज्वालामुखी नाही. मग वाळूत हिरे कुठून? ते आले आठशे-हजार किलोमीटर आतून. दक्षिण आफ्रिकेच्या पठारावरच्या त्या नळ्या कोट्यवधी वर्षांत झिजल्या, हिरे नद्यांत पडले आणि ऑरेंज नदीने ते समुद्रात आणून टाकले. पुढचं काम दक्षिणेच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटांचं. त्या किनाऱ्यावर तिरप्या आपटतात, त्यामुळे गोटे आणि हिरे थोडे थोडे उत्तरेकडे सरकत जातात. समुद्राची पातळी कधी वर, कधी खाली गेली, तसे जुने किनारे कोरड्यावर राहिले, आणि तिथली हलकी वाळू वाऱ्याने उडवून नेली. जड खडे मागे उरले.

या प्रवासाने दोन गोष्टी केल्या. भेगा असलेले हिरे वाटेत फुटून गेले, म्हणून इथले बहुतेक सगळे दागिन्यांच्या प्रतीचे. आणि मोठे खडे लवकर थांबले, बारीक दूर गेले. म्हणजे नदीच्या मुखाजवळ मोठे हिरे, ल्युडरिट्झजवळ छोटे. हे लक्षात ठेवा, कोल्मन्सकोप ओसाड का पडलं ते यातच आहे.

कोल्मन्सकोप हे हिरे सापडले तिथे, ल्युडरिट्झपासून दहा किलोमीटरवर उभं राहिलेलं गाव. १९१२ मध्ये या भागातून दहा लाख कॅरटच्या आसपास हिरे निघाले, जगाच्या उत्पादनाच्या बारा टक्क्यांच्या घरात. वाळवंटात दवाखाना, नाट्यगृह, बर्फाचा कारखाना, क्ष-किरण यंत्रही. रुग्ण तपासण्याखेरीज, मजुरांनी हिरे गिळलेत का हे बघायलाही ते यंत्र वापरत, असं सांगतात. उत्तरेकडून करारावर आणलेले ओवांबो मजूर मात्र बराकीत. त्याच १९०८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने ऑरेंज नदीपासून वर, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आतपर्यंतचा पट्टा मनाई क्षेत्र ठरवला. परवान्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेने वसाहत घेतली, आणि १९२० मध्ये अर्न्स्ट ओपेनहायमर या दक्षिण आफ्रिकेतल्या खाणमालकाने सगळ्या जर्मन कंपन्या एका छत्राखाली आणल्या. १९२८ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाजवळ मोठे हिरे मिळाले. मग इथले बारीक खडे वेचायला पैसे कोण घालणार? माणसं, यंत्रं, मुख्यालय सगळं दक्षिणेला ओरान्येमुंडला गेलं. १९५६ पर्यंत कोल्मन्सकोप रिकामं झालं. आज खोल्यांत गुडघाभर वाळू आणि दारातून कॅमेरे. रुळांवरची वाळू झाडायला माणूस होता तोवरच ते गाव होतं, एवढं साधं गणित.

आपल्याशी थेट जोडलेली एक गोष्ट याच मनाई क्षेत्रात निघाली. २००८ मध्ये ओरान्येमुंडजवळ, वाळूचे बांध घालून समुद्र मागे हटवलेल्या खाणीत, एका जहाजाचे अवशेष मिळाले. दोन हजारांहून जास्त सोन्याची नाणी, शंभरावर हस्तिदंत, आणि जर्मन सावकार फुगर घराण्याच्या त्रिशूळाचा ठसा असलेलं सोळा टनांहून अधिक तांबं. १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेलं ‘बॉम जेझुस’ हेच असावं, असं अभ्यासक मानतात. गोवा-कोचीनला मसाल्यांच्या मोबदल्यात द्यायचं ते तांबं, जुन्या गोव्यातल्या बासिलिकेचंच नाव असलेल्या जहाजातून निघालेलं, हिरे खणणाऱ्यांच्या हाती लागलं. मनाई नसती तर ते कधीच लुटलं गेलं असतं.

शंभर वर्षं माणूस न शिरल्याचा आणखी एक फायदा झाला. या पट्ट्यात वनस्पतींच्या हजारांहून अधिक जाती टिकून आहेत, त्यांत हिवाळी शिडकाव्यावर जगणाऱ्या मांसल पानांच्या वनस्पतीही पुष्कळ. २००८ मध्ये तिथे त्साउ खाएब राष्ट्रीय उद्यान झालं.

आता वाराच विकायचा

गावाचं आजचं पोट शेवंड, हेक मासळी, कालवांची शेती, पर्यटक आणि दक्षिण आफ्रिकेतून येणारं मँगनीज जहाजांवर चढवणं यांवर चालतं. शेवंडीचा धंदा पूर्वीच्या मानाने फारच आटलाय. हिरे आता मुख्यतः समुद्रतळावरून, जहाजांतून शोषून काढतात.

नवी योजना अशी: उद्यानाच्या हद्दीत पवनचक्क्या आणि सौर पट्ट्या, त्या विजेवर समुद्राचं पाणी गोडं करायचं, त्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नत्राशी जोडून अमोनिया बनवायचा आणि जहाजाने बाहेर पाठवायचा. अंदाजित खर्च दहा अब्ज डॉलर, जो नामिबियाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या जवळ जातो. उद्दिष्ट वर्षाला वीस लाख टन अमोनिया. गंमत अशी की अमोनिया हेही नत्रच. तो हवेतून बनवायची रीत जर्मनीत १९०९ मध्ये सिद्ध झाली आणि त्यानंतर ग्वानोला जुनी मागणी उरली नाही. आता तोच नत्र त्याच किनाऱ्यावरून पुन्हा युरोपला न्यायचा बेत आहे. गिऱ्हाईक पक्कं नाही, एका मोठ्या जर्मन वीज कंपनीने २०२५ मध्ये अंग काढून घेतलं. जोडीला २०२२ मध्ये भर समुद्रात, किनाऱ्यापासून तीनशेएक किलोमीटरवर तेल सापडलंय, आणि त्या कामांनाही ठाणं ल्युडरिट्झच लागणार.

यातल्या कशालाही आजचं बंदर पुरणार नाही. रोजगाराची वाट बघणाऱ्या गावातल्या तरुणांना विस्तार लवकर हवाय, आणि सोयीची खोल जागा नेमकी शार्क बेटाच्या कडेला आहे. छावणीतले मृतदेह त्याच पाण्यात टाकले गेले, असं नामा वंशज सांगतात. धक्क्याच्या कामाआधी समुद्रतळाचा आणि बेटावरच्या कबरींचा शोध घ्या, आणि तोवर यंत्रं उतरवू नका, ही त्यांची मागणी आहे.